दोरा

वेंगुर्ल्यात, मांडवीच्या खाडीकडे उतरताना,
बर्फाच्या कारखान्यामागे दोन खणांचं दुकान.
पाटीवर 'घडणावळ' एवढंच उरलेलं,
पुढची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने नेली.
आत इसाकचाचा मापारी,
आणि काड्या भरणारा मी.

काडी भरणं म्हणजे लाख तापवून
खडा तिच्यात सरळ रोवणं.
जरा कलंडला तर सगळे पैलू एका अंगाला झुकतात.
चाचा तेव्हा रागावत नसे,
फक्त चष्मा काढून पुसत बसे.
त्यापेक्षा रागावला असता तर बरं.

पहिल्या वर्षी मला शब्द मिळाले, चाक नाही.
वरचं सपाट ते मेज.
मेजाभोवतीचा उतार तो मथळा,
खालचा निमुळता तो तळ,
आणि मथळा नि तळ जिथे भेटतात
ती केसाएवढी कड: दोरा.
"सोनार खडा धरतो तो इथे," चाचा म्हणे,
"बाकीचा सगळा उजेडाचा खेळ."

घुमटीला पैलूच नाहीत,
ताटात सांडलेल्या जांभळासारखी नुसती फुगीर.
गुलाब जुन्या नथींत सापडतो, तळ सपाट, वर त्रिकोण.
पायरी पाचूसाठी:
ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात, तशी,
आणि कोपरे आधीच छाटलेले,
कारण पाचू कोपऱ्यातच फुटतो.
मुंबईचे दलाल ज्याला मार्किस म्हणत
त्याला चाचा म्हणे होडी.
"दोन्ही टोकं जप. आपटते ती टोकावरच."

होड्या अजून झापांखाली होत्या
तेव्हा शेवंती तांडेल आली.
पदराची गाठ सोडून अंगठी ठेवली.
आजा रंगूनच्या बोटीवर खलाशी,
त्याने आणलेलं माणिक.
दोऱ्यावर टवका उडालेला, तांदळाच्या कणीएवढा.

चाचाने खडा चिमट्यात धरून
दाराच्या उजेडात सावकाश फिरवला.
माणिक दोन दिशांनी दोन लाल दाखवतं.
हा कसाही फिरवा, एकच.
लालडी.
मला कळलं. त्याला कळलं हेही कळलं.

"दोरा आत घ्यावा लागेल," तो म्हणाला.
"कमी किती होतलां?"
"बदाम ठेवला तर दीड रती.
होडी केली तर तीन. पायरी केली तर निम्मा गेला."
"आणि काय केलां नाय तर?"
"तर एक दिवस भांडी घासताना पडेल."

घाटांची नावं म्हणून मी जी पाठ केली होती
ती, किती गेलं त्याची नावं होती.

"बदाम," ती म्हणाली. आणि बसून राहिली.
गिऱ्हाइकं कधी बसत नाहीत.

चाकावर कुरुंदाचं पाणी.
माणिक कुरुंदाला दाद देत नाही,
ते स्वतःच त्याच्या घरचं.
लालडी लवकर उतरते.
हाताला समजतं, कानालाही:
चाकाचा सूर मऊ पडला
आणि चाचाने मोठ्याने खोकून तो झाकला.
मग पुन्हा खोकला. मग पाणी मागितलं.

ती चाकाखालच्या वाडग्यात बघत होती.
लाल दगडाचं पीठ लाल नसतं,
तांदळाच्या धुवणासारखं असतं.
"ह्यां खंय जाता?"
"गटारात."
"माका देवा."
मी ते खोबरेलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं.

असरची बांग झाली, चाचा आत वजूला गेला.
पैसे मोजताना ती मला म्हणाली,
"माणिक न्हय ता. माका ठावक आसा.
सोनारान चाळीस वर्सांमागे सांगितल्यान."
मग इथे विचारलंत का नाही?
तिने अंगठी बोटात सारली, मूठ मिटून पाहिली.
"तुझो चाचा खोकलो मां," म्हणाली,
"तेवढांच पुरे."

आता चाक विजेचं, कोन अंशांत मोजायचे.
काड्या भरायला एक पोर आहे, तौफिका,
तिचा हात माझ्यापेक्षा सरळ.
कधी एखादी लालडी येते, माणिक म्हणून,
कुणाच्या तरी आईची.
मला खोकला येतो.
तौफिका म्हणते, काका,
एकदा छाती दाखवून या.